मुलांच्या नाकातला पॉलिप: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मुंबई, ठाणे, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली या भागांतल्या पालकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. औषधांची मात्रा मुलाच्या वयावर आणि वजनावर ठरते, म्हणून इथले आकडे वाचून स्वतः औषध सुरू करू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं नीट समजून घेण्यासाठी ते वापरा.

१. पॉलिप म्हणजे नेमकं काय? तो कॅन्सर असतो का?

नाकाच्या आणि सायनसच्या (गाल-कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या) आतल्या अस्तराला बराच काळ सूज राहिली की तिथे पाणी साठतं, अस्तर फुगतं आणि खाली लोंबायला लागतं. या फुगवट्याला पॉलिप म्हणतात. तो सोललेल्या हिरव्या द्राक्षासारखा फिकट, ओलसर आणि थोडा पारदर्शक दिसतो. तो कॅन्सर नाही आणि पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण नाकात दिसणारी प्रत्येक गाठ पॉलिप नसते, त्यामुळे काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला गेलाच पाहिजे. ऑपरेशननंतर तो रिपोर्ट मागून घ्या आणि फाइलमध्ये जपून ठेवा.

२. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, “नाकात मांस वाढलंय.” म्हणजे पॉलिपच ना?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींना “मांस वाढणं” म्हणतात.

पहिली म्हणजे ऍडेनॉइड. ही नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली गाठ प्रत्येक मुलाला असते, साधारण ३ ते ७ वर्षांत मोठी असते आणि नंतर आपोआप लहान होत जाते. घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं, कानात पाणी साठून कमी ऐकू येणं या तक्रारी बहुतेक वेळा तिच्यामुळे असतात. दुसरी म्हणजे टर्बिनेट, नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची नेहमीचीच मांसल घडी, जी ऍलर्जीत सुजते. यालाच काही जण “हाड वाढलंय” असंही म्हणतात. तिसरा खरा पॉलिप, आणि लहान मुलांत तो या तिघांत सर्वात कमी आढळतो.

तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: “ऍडेनॉइड, टर्बिनेट की पॉलिप? आणि एका बाजूला की दोन्ही?” हे केसपेपरवर लिहून घ्या.

३. मोबाइलचा टॉर्च मारला तर नाकात गुलाबी गोळा दिसतो. घाबरायचं का?

दोन्ही नाकपुड्यांत, बाहेरच्या भिंतीला चिकटलेला गुलाबी किंवा लालसर गोळा दिसत असेल तर तो जवळजवळ नेहमीच टर्बिनेट असतो. डॉक्टर दोन गोष्टी पाहून फरक ओळखतात. टर्बिनेटला स्पर्श केला की मूल झटकन डोकं मागे घेतं आणि नाक मोकळं करणारा थेंब घातला की टर्बिनेट आक्रसतो. पॉलिपला स्पर्शाची जाणीव फारशी नसते, तो हलतो आणि थेंबाने लहान होत नाही. हे घरी करून पाहू नका. कापसाच्या काडीने नाकाच्या पडद्याला सहज जखम होते.

४. कोणत्या वयात पॉलिप होतो? आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे.

मोठ्यांमध्ये पॉलिप नेहमी दिसतात. १० वर्षांखालच्या मुलांत ते विरळ असतात, आणि म्हणूनच तिथे नुसतं “पॉलिप आहे” म्हणून थांबणं चूक आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही नाकपुड्यांत खरे पॉलिप दिसले, तर ते कशामुळे झाले हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. सिस्टिक फायब्रोसिस हे त्यातलं सर्वात महत्त्वाचं कारण (प्रश्न ८). श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांची हालचाल जन्मतः बिघडलेली असणं, प्रतिकारशक्तीतला दोष आणि बुरशीची ऍलर्जी (प्रश्न २२) ही इतर कारणं आहेत.

सूक्ष्म केसांच्या आजाराची खूण अशी: बाळाला पूर्ण दिवस भरून जन्मल्यानंतरही ऑक्सिजन लागला होता, जन्मापासून नाक वाहतं आहे, बारा महिने ओला खोकला आहे, कान वारंवार वाहतात. काही मुलांत हृदय उजवीकडे असतं. असं काही असेल तर जन्माच्या वेळचे कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.

५. फक्त एकाच नाकपुडीत त्रास आहे. दोन्हींपेक्षा हे बरं ना?

बरं-वाईट असं नाही, पण विचार वेगळा करावा लागतो. दोन्ही बाजूंचा आजार बहुतेक वेळा अस्तराच्या सर्वसाधारण सुजेचा असतो. एकाच बाजूचा असेल तर तिथे नेमकं काय आहे ते शोधावं लागतं.

पाच वर्षांखालचं मूल, एका नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड किंवा रक्त: नाकात काहीतरी घातलेलं आहे असं समजूनच तपासा. मणी, चण्याची डाळ, खोडरबरचा तुकडा, फोम हे नेहमी सापडतं. बटण सेल असेल तर ती तातडीची गोष्ट आहे. काही तासांत तो नाकाचा पडदा जाळून भोक पाडू शकतो. शंका आली तरी नाकात मिठाचं पाणी किंवा थेंब घालू नका, कारण ओलाव्याने जळण्याचा वेग वाढतो. चिमटा घालून ओढू नका. मध्यरात्र असली तरी कान-नाक-घसा विभाग असलेल्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा.

शाळेत जाणारं मूल, एक बाजू महिनोन्महिने बंद, वेदना नाही: इथे गालाच्या सायनसमधून निघणारा एकटा पॉलिप असण्याची शक्यता असते. डॉक्टर त्याला अँट्रोकोअॅनल पॉलिप म्हणतात. तो सायनसच्या भिंतीतून उगवतो, तिथल्या छोट्या वाटेने नाकात येतो आणि पुढे न येता मागे, घशाच्या दिशेने वाढतो. म्हणून समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही आणि “नाक साफ आहे” असा निर्वाळा मिळतो. फार मोठा झाला तर पडजिभेच्या मागे लोंबताना दिसतो, आणि मागचा सगळा भाग अडवला की दोन्ही नाकपुड्या बंद वाटतात. या पॉलिपवर स्प्रेचा उपयोग होत नाही, त्याला ऑपरेशनच लागतं (प्रश्न १५).

वयात येणारा मुलगा, एक बाजू बंद आणि वारंवार रक्त: प्रश्न २० लगेच वाचा.

६. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणतात. मुलाला दुखेल का? भूल द्यावी लागेल का?

भूल सहसा लागत नाही. नाकात बधिर करणारं आणि सूज उतरवणारं औषध फवारतात किंवा त्यात भिजवलेला कापूस काही मिनिटं ठेवतात. मग बारीक दुर्बीण घालतात. मुलांसाठी २.७ मिलिमीटर जाडीची कडक दुर्बीण किंवा तशीच बारीक, वाकणारी दुर्बीण वापरतात. तपासणी एक-दोन मिनिटांत संपते. दुखत नाही, पण घशात कडवट चव येते, नाकात दाटल्यासारखं होतं आणि डोळ्यांत पाणी येतं. हे मुलाला आधीच खरं खरं सांगा. “काही होणार नाही” असं सांगितलं आणि मग काहीतरी झालं, तर पुढच्या वेळी ते मूल खुर्चीतही बसत नाही. लहान मुलाला मांडीवर घ्या, एका हाताने त्याचे दोन्ही हात आणि दुसऱ्या हाताने कपाळ आपल्या छातीशी धरा. घसा बधिर झालेला असतो, म्हणून नंतर अर्धा-पाऊण तास खायला-प्यायला देऊ नका.

७. एक्स-रे काढला आहे. तरी सीटी स्कॅन कशाला?

सायनसच्या साध्या एक्स-रेवरून मुलांत पॉलिपचं निदान होत नाही. साधी सर्दी असली तरी त्यात सायनस पांढरे दिसतात. शिवाय मुलांचे सायनस अजून तयार होत असतात. कपाळाचा सायनस साधारण सात-आठ वर्षांपर्यंत एक्स-रेत दिसतच नाही, तेव्हा तो “नाही” म्हणजे आजार असं समजू नये. ऍडेनॉइड पाहण्यासाठी बाजूने काढलेला एक्स-रे मात्र उपयोगी पडतो.

सीटी स्कॅन ऑपरेशन ठरलं की, एका बाजूची गाठ असेल तर किंवा डोळ्याला-मेंदूला धोका वाटला तर करतात. डोळ्याची खोबण, मेंदूचा तळ आणि सायनसच्या वाटा त्यात स्पष्ट दिसतात, सर्जनसाठी तो नकाशाच असतो. धोक्याचं काही नसेल तर तो सर्दी चालू असताना काढू नका. आधी औषधांचा पूर्ण कोर्स होऊ द्या, मग काढा, नाहीतर सर्दीची सूजही आजार म्हणून दिसते आणि किरणोत्सर्ग पुन्हा घ्यावा लागतो. सेंटरवर “मुलांच्या मात्रेने काढा” असं आवर्जून सांगा. एमआरआय फक्त मेंदूशी संबंध किंवा रक्तवाहिन्यांची गाठ असल्याची शंका असेल तर. त्यासाठी लहान मुलांना झोपवावं लागतं.

८. नाकाचा आजार आणि घामाची चाचणी? याचा संबंध काय?

हा प्रश्न खूप जण विचारतात, आणि चाचणी टाळणारेही खूप असतात. कृपया टाळू नका.

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार आहे. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की तो होतो. आई-वडील स्वतः पूर्ण निरोगी असतात. यात शरीरातले स्राव घट्ट होतात, म्हणून छाती वारंवार भरते, पचन बिघडतं आणि नाकात पॉलिप येतात. हा आजार आपल्याकडे होतच नाही असा समज बरीच वर्षं होता, तो चुकीचा आहे. आपल्याकडे तो उशिरा ओळखला जातो, एवढंच.

घरी लक्षात येणाऱ्या खुणा: बाळाचा पापा घेताना त्वचा खारट लागणं, कपाळावर मिठाचे कण सुकलेले दिसणं, मोठ्या, तेलकट, फार वास येणाऱ्या शौचाच्या तक्रारी, भरपूर खाऊनही वजन न वाढणं, वारंवार न्यूमोनिया. मुंबईच्या ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात अशा मुलाच्या अंगातलं मीठ कमी होऊन ते एकदम मलूल पडू शकतं. यातली एकही खूण नसली तरी १० वर्षांखालच्या मुलाला दोन्ही बाजूंचे पॉलिप असतील तर चाचणी करतातच, कारण काही मुलांत नाकाचा त्रास हीच पहिली खूण असते.

चाचणीत सुई नाही. हातावर औषधाची पट्टी लावून सौम्य विद्युतप्रवाह काही मिनिटं देतात, त्याने तेवढ्याच जागी घाम येतो, आणि तो अर्धा तास गोळा करतात. थोडं मुंग्या आल्यासारखं वाटतं. घामातलं क्लोराइड ३० मिलिमोल प्रति लिटरपेक्षा कमी असेल तर हा आजार असण्याची शक्यता फार कमी. ३० ते ५९ मध्ये असेल तर पुन्हा चाचणी आणि जनुकीय तपासणी. ६० किंवा जास्त आलं तर पुन्हा एकदा करून निदान पक्कं करतात. घाम पुरेसा गोळा झाला नाही तर निकाल धरता येत नाही. “सॅम्पल अपुरं” असं आलं म्हणजे चाचणी नॉर्मल आली असं नाही, ती पुन्हा करायला हवी. जिथे ही चाचणी नेहमी होते तिथेच करा. मुलांच्या फुप्फुसांचे तज्ज्ञ योग्य जागा सांगतील.

निदान झालं तर पॉलिपच्या ऑपरेशनआधी आणखी एक तपासणी लागते. या मुलांना चरबी नीट पचत नाही, म्हणून व्हिटॅमिन ‘के’ कमी पडून रक्त गोठायला वेळ लागतो. तो अहवाल पाहिल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत.

९. हे सगळं ऍलर्जीमुळेच झालं का? घरात काय बदलायचं?

ऍलर्जी एकटी पॉलिप करत नाही, पण ती असेल तर सूज टिकून राहते आणि उपचार कमी पडतात. सलग शिंका, नाक-डोळे खाजणं, पाण्यासारखं वाहणारं नाक असेल तर त्वचेची ऍलर्जी चाचणी करणं योग्य. त्याआधी साधारण ५ ते ७ दिवस ऍलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो.

मुंबईच्या घरांत मुख्य त्रास दोन गोष्टींचा: गादी-उशीतले धुळीचे सूक्ष्म कीटक आणि पावसाळ्यातली बुरशी. त्यामुळे पैसे आणि मेहनत तिथेच घाला. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. मुलाचा पलंग ओल आलेल्या बाहेरच्या भिंतीपासून दूर सरकवा. भिंतीवर काळे ठिपके आले असतील तर नुसता रंग मारून उपयोग नाही, गळती बंद करा. पावसाळ्यात कपडे मुलाच्या खोलीत वाळत घालू नका, ही गोष्ट वन-रूम-किचनमध्ये कठीण आहे, पण निदान रात्री तरी दोरी बाहेरच्या खोलीत हलवा. एसी असेल तर ‘ड्राय’ मोडवर ठेवा आणि जाळी दर पंधरवड्याला धुवा. मच्छर कॉइल, धूप, उदबत्ती मुलाच्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर बाकीचे सगळे बदल निम्मे वाया जातात.

१०. स्टेरॉइडचा स्प्रे लिहून दिलाय. एवढ्याशा मुलाला स्टेरॉइड? उंची खुंटेल का?

नाकाच्या स्प्रेतलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन ही नव्या पिढीतली औषधं रक्तात फार थोडी उतरतात. मोमेटासोनची ऍलर्जीसाठीची नेहमीची मात्रा २ ते ११ वर्षांत प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एक फवारा, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, आणि १२ वर्षांपुढे दोन फवारे. पॉलिपसाठी डॉक्टर कधी यापेक्षा जास्त देतात. पाकिटातल्या माहितीपत्रकात पॉलिपसाठीची मात्रा १८ वर्षांपुढच्यांसाठीच लिहिलेली दिसते. मुलांना ती अनुभवाच्या आणि देखरेखीच्या आधारावर दिली जाते. हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

उंचीची काळजी रास्त आहे, म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी उंची मोजून तक्त्यावर नोंदवा. मुलाला दम्याचा पंप किंवा त्वचेचं स्टेरॉइड मलमही चालू असेल तर ते जरूर सांगा, कारण सगळ्यांची बेरीज होते. बीटामेथासोनचे थेंब रक्तात जास्त उतरतात. ते थोड्याच दिवसांसाठी असतात, उरलेली बाटली महिनोन्महिने वापरू नका.

११. स्प्रे महिनाभर मारला, काही फरक नाही. मग काय करायचं?

आधी मारायची पद्धत तपासा. जवळजवळ प्रत्येक घरात यातलं काहीतरी चुकतं.

बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत फवारे मारा. मुलाला नाक शिंकरायला सांगा. डोकं किंचित पुढे झुकलेलं हवं, मागे नको. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेर, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर औषध वाया जातं आणि पडदा सोलवटून रक्त येतं. फवारताना हलका श्वास आत घ्यायचा. जोरात ओढलं तर सगळं घशात जातं. औषधाची चव घशात लागली तर पद्धत चुकली असं समजा. नंतर १५ मिनिटं शिंकरायचं नाही.

परिणाम दिसायला एक-दोन आठवडे आणि पॉलिपवर काय झालं ते ठरवायला ८ ते १२ आठवडे रोज वापरावं लागतं. नाक बंद वाटेल तेव्हाच मारला तर उपयोग नाही. थोडं रक्त दिसलं तर दोन-तीन दिवस थांबून, दिशा सुधारून पुन्हा सुरू करा. पुन्हा आलं तर दाखवा. एवढं सगळं बरोबर असूनही फरक नसेल तर निदानच पुन्हा तपासायला हवं (प्रश्न ५).

१२. नाक मिठाच्या पाण्याने धुवायला सांगितलं. नळाचं पाणी चालेल ना? आमच्याकडे फिल्टर आहे.

नळाचं नाही आणि फिल्टरचंही नाही. पालिकेचं पाणी प्यायला शुद्ध असतं, पण ते इमारतीच्या तळटाकीतून गच्चीवरच्या टाकीत जातं आणि तिथे किती दिवस राहतं ते कोणी पाहत नाही. नाकातून आत गेला तर मेंदूपर्यंत पोहोचणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा अशा पाण्यात असू शकतो. पाणी प्यायल्याने तो काही करत नाही, नाकातून गेला तर जीव घेतो. हा आजार फार विरळ आहे, पण टाळायला पाणी उकळणं एवढंच लागतं.

पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा, झाकून कोमट होऊ द्या. २५० मिलिलिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तोही सपाट आणि किंचित कमी. आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर उत्तम. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबत नाही. मीठ कमी पडलं तर जास्त झोंबतं, हे लक्षात ठेवा. तयार पुड्याही मिळतात. उरलेलं पाणी २४ तासांनी फेका. बाटली रोज धुऊन वाळवा.

मुलाला बेसिनवर वाकवा, तोंड उघडं, “आ” म्हणायला लावा. बाटली हळू दाबा, जोर लावला तर पाणी कानात जातं. साधारण चार-पाच वर्षांची मुलं दोन-तीन दिवसांत शिकतात. त्याहून लहानांना तयार सलाइनचा फवारा पुरे. आधी धुवा, १०-१५ मिनिटांनी स्प्रे मारा.

१३. नाक मोकळं करणारे थेंब घातले की मुलगी शांत झोपते. रोज घातले तर?

पाच दिवसांच्या वर नाही. त्यानंतर थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, पुन्हा थेंब लागतो, आणि हे चक्र सुटत नाही. मोठ्यांची बाटली मुलांना कधीही वापरू नका: झायलोमेटाझोलिनची मुलांची बाटली ०.०५ टक्के असते, मोठ्यांची ०.१ टक्का. तान्ह्या बाळांत जास्त मात्रेने गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो.

१४. स्टेरॉइडच्या गोळ्या, अँटिबायोटिक, वाफ, तूप, होमिओपॅथी. यांतलं काय उपयोगी?

तोंडाने घ्यायचं प्रेडनिसोलोन पॉलिप लवकर आक्रसवतं, पण असर टिकत नाही, म्हणून ते ऑपरेशनच्या आधी किंवा फार सूज असताना थोड्याच दिवसांसाठी देतात. मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून पुन्हा आणू नका. कोर्स चालू असताना घरात किंवा वर्गात कुणाला कांजिण्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

अँटिबायोटिक पॉलिप घालवत नाही. दहा दिवसांहून जास्त घट्ट पिवळा शेंबूड, ताप, चेहऱ्याचं दुखणं असेल तर त्याची गरज असते. माँटेलुकास्ट (ऍलर्जी-दम्याचं औषध) चालू असेल आणि मूल एकदम चिडकं झालं, भयंकर स्वप्नं पडू लागली, उदास झालं तर डॉक्टरांना लगेच सांगा. या दुष्परिणामाबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सर्वात कडक इशारा दिला आहे.

वाफेने तात्पुरतं बरं वाटतं, पॉलिपवर काही होत नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं उलटून मुलं भाजतात, हा धोका त्या आरामापेक्षा फार मोठा आहे. आजी प्रेमानेच सांगतात, पण लहान मुलाच्या नाकात तूप किंवा तेल सोडू नका. ते फुप्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो. होमिओपॅथीने पॉलिप विरघळतो याला भरवशाचा पुरावा नाही. तरीही ती घ्यायची असेल तर आधी दुर्बीण तपासणी करून निदान पक्कं करा, आणि एका बाजूची गाठ, रक्त किंवा डोळ्याची तक्रार असेल तर एक दिवसही थांबू नका.

१५. ऑपरेशन कधी करावंच लागतं?

एका बाजूचा अँट्रोकोअॅनल पॉलिप असेल, तीन महिने नीट औषध घेऊनही दोन्ही बाजूंचे पॉलिप नाक अडवत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, डोळ्यावर दाब येत असेल, किंवा गाठ नेमकी कशाची हे कळत नसेल तर.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, नाकातूनच दुर्बिणीने होतं. चेहऱ्यावर कुठे चिरा नसतो. अँट्रोकोअॅनल पॉलिपमध्ये नाकातला भाग ओढून काढणं पुरेसं नाही. गालाच्या सायनसची वाट रुंद करून, आत तो जिथे चिकटला आहे ते मूळ काढावं लागतं. मूळ राहिलं की पॉलिप परत येतो. सर्जनना विचारण्यासारखा हाच प्रश्न आहे: “मूळ कुठे आहे आणि ते कसं काढणार?” रक्तस्राव, डोळ्याला किंवा मेंदूच्या आवरणाला इजा हे धोके असतात. ते विरळ आहेत, पण संमतीपत्रावर सही करण्याआधी त्याबद्दल ऐकून घ्या.

१६. ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतर काय सांभाळायचं?

जेवण आणि गाईचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. रुग्णालयाने वेगळं सांगितलं तर तेच पाळा. “बिस्किटाचा एकच तुकडा” दिला असेल तर लपवू नका. भूल देताना तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. हलणारे दुधाचे दात, मागच्या दोन आठवड्यांतला ताप-खोकला, दमा हेही सांगा.

घरी आल्यावर दोन आठवडे शिंकरणं बंद. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. काही दिवस रक्तमिश्रित पातळ स्राव येतो, ते चालतं. ताजं लाल रक्त थेंबथेंब येत राहिलं किंवा मूल सारखं गिळत असेल, तर रुग्णालयात या, कारण ते रक्त गिळत असण्याची शक्यता असते. डोकं खाली केल्यावर नाकातून साधं पाणी टपकलं तरीही या. दुखल्यास पॅरासिटामोल. मुलांना ऍस्पिरिन देऊ नये. सलाइनने धुणं डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून. ते टाळलं की आत खपल्या जमतात आणि वाटा पुन्हा बंद होतात. शाळा साधारण आठवड्याने. पोहणं, मैदानी खेळ आणि विमानप्रवास डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नाही. उन्हाळी सुट्टीत गावी जायची तिकिटं काढली असतील तर तारीख ठरवतानाच सांगा.

१७. लहानपणी ऑपरेशन केलं तर चेहऱ्याची वाढ बिघडते का? आणि पॉलिप परत येतो का?

दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्या मुलांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा चेहऱ्याच्या वाढीत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांच्या टाळूवर आणि दातांवर परिणाम होतो.

परत येणं कारणावर ठरतं. मूळ काढलेला अँट्रोकोअॅनल पॉलिप सहसा परत येत नाही. सिस्टिक फायब्रोसिस आणि बुरशीच्या ऍलर्जीत तो परत येणं नेहमीचंच आहे. तिथे ऑपरेशननंतरही धुणं आणि स्प्रे चालूच ठेवावे लागतात.

१८. मुंबईत कुठे दाखवायचं? खासगीतला खर्च झेपणार नाही.

परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही पालिकेची आणि भायखळ्याचं जे. जे. हे राज्य सरकारचं रुग्णालय, सगळीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. परळला फक्त मुलांसाठीचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालयही आहे. केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, आणि त्या विभागाच्या ओपीडीचा वार आधी विचारून निघा. जुने केसपेपर, सीटीच्या फिल्म आणि सीडी, वजन-उंचीच्या नोंदी बरोबर घ्या. ऑपरेशन ठरलं तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते दाखल होण्याआधीच विचारा.

१९. बाळ तीन महिन्यांचं आहे. नाकात गाठ आहे आणि रडलं की ती मोठी होते.

तान्ह्या बाळाला पॉलिप होत नाही असंच धरून चाला. रडताना फुगणारी गाठ मेंदूच्या आवरणाशी जोडलेली असू शकते. तिला सुई लावणं, तुकडा काढणं, चिमट्याने ओढणं सक्त मना. आधी एमआरआय, मग मेंदूच्या सर्जनबरोबर मिळून निर्णय. गाठ नाकाच्या वर, मधोमध बाहेरून दिसत असेल तरी हाच नियम.

२०. मुलगा १४ वर्षांचा. एक नाकपुडी बंद आणि आठवड्यातून दोनदा भळाभळा रक्त येतं. पॉलिप म्हणून तुकडा काढायचं म्हणतात.

थांबा. पॉलिपमधून असं रक्त सहसा येत नाही. वयात येणाऱ्या मुलांमध्ये नाकाच्या मागच्या भागात रक्तवाहिन्यांनी भरलेली अँजिओफायब्रोमा नावाची गाठ होते. ती कॅन्सर नाही, पण ओपीडीत तिचा तुकडा काढला तर रक्त आवरत नाही. आधी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या स्पष्ट दिसण्यासाठी शिरेतून द्यायचं औषध) देऊन सीटी किंवा एमआरआय. ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आतून बंद करतात, त्यामुळे हे मोठ्या रुग्णालयाचंच काम आहे.

२१. गावी तळ्यात पोहायचा. नाकात लालसर, दाणेदार गाठ आहे, हात लागला की रक्त येतं.

ऱ्हायनोस्पोरिडिओसिस नावाचा आजार असू शकतो. तळ्याच्या साठलेल्या पाण्याशी त्याचा संबंध आहे. गाठीवर बारीक पांढरे ठिपके दिसतात. पूर्ण काढून मूळ विद्युतदाहाने जाळावं लागतं. स्प्रेने काही होत नाही. घरातल्या इतरांना त्याच्यापासून लागण होत नाही.

२२. मुलीचा एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. नाकातून घट्ट, चिकट, तपकिरी स्राव पडतो.

हे बुरशीच्या ऍलर्जीमुळे होणाऱ्या सायनसच्या आजाराचं नेहमीचं चित्र आहे. उष्ण, दमट हवेत तो जास्त दिसतो, आणि बहुतेक वेळा मोठ्या मुलांत. बुरशी इथे शरीरात घुसत नाही, शरीरच तिच्याविरुद्ध ऍलर्जीने पेटतं, म्हणून नुसत्या बुरशीच्या गोळ्यांनी काम होत नाही. हा चिकट स्राव सायनसमध्ये साठून हाडं पातळ करतो आणि डोळा पुढे ढकलतो. सीटीत तो भाग वेगळाच उजळ दिसतो. ऑपरेशन करून सगळा स्राव काढणं आणि नंतर स्टेरॉइड व धुणं हा उपचार.

हे हळूहळू झालं असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. पण डोळा एक-दोन दिवसांत सुजला, लाल झाला, हलवताना दुखतो, दोन-दोन दिसतं, किंवा तापाबरोबर तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, गुंगी असेल तर त्याच तासाला इमर्जन्सीत जा. सायनसमधला पू डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूकडे गेला असेल तर दृष्टी वाचवायला काही तासच हातात असतात.

२३. दमा आहे आणि पॉलिपही. तापाला आयबुप्रोफेन चालेल का?

काही रुग्णांत दमा, पॉलिप आणि ऍस्पिरिन गटाच्या औषधांनी होणारा त्रास एकत्र असतो. लहान मुलांत हे फार विरळ, किशोरवयात थोडं जास्त. आधी कधी आयबुप्रोफेन घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक चोंदलं, दम लागला असेल तर पुन्हा देऊ नका. त्रास कधी झाला नसला तरी डॉक्टरांना विचारेपर्यंत पॅरासिटामोलच द्या. तापाच्या बऱ्याच सिरपमध्ये दोन्ही मिसळलेली असतात, लेबल वाचा.

२४. पॉलिपसाठी नवं इंजेक्शन आलंय म्हणतात. त्याने ऑपरेशन टळेल का?

डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. अमेरिकेत पॉलिपसाठी ते मोठ्यांना २०१९ मध्ये आणि १२ ते १७ वर्षांच्या मुलांना सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं, तेही इतर उपचारांनी आटोक्यात न आलेल्या आजारासाठी, स्प्रेच्या जोडीला. ते त्वचेखाली काही आठवड्यांच्या अंतराने घ्यावं लागतं आणि बंद केल्यावर पॉलिप परत येऊ शकतात. खर्च खूप मोठा आहे. एका बाजूच्या अँट्रोकोअॅनल पॉलिपला त्याचा उपयोग नाही. १२ वर्षांखालच्या मुलासाठी कुणी ते सुचवलं तर मुलांच्या ऍलर्जीतज्ज्ञांचं दुसरं मत घ्या आणि प्रश्न ८ मधली चाचणी झाली आहे का ते आधी पाहा.